चार जीबी रॅमवर मॉडेड माइनक्राफ्ट सर्व्हर: जुन्या संगणकावर घरच्या घरी उभारणी

परभणी, हिंगोली, लातूर, धाराशिव यांसारख्या शहरांत कार्यालयांनी काढून टाकलेले डेस्कटॉप आणि लॅपटॉप थोड्या पैशांत मिळतात. त्यांतल्या अनेकांत चार जीबी रॅम आणि इंटेलचा तिसऱ्या-चौथ्या पिढीतील प्रोसेसर असतो. दहावीपर्यंत एका वर्गात असलेले मित्र पुढे नीटच्या तयारीसाठी लातूरला, अभियांत्रिकीसाठी नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला आणि नोकरीसाठी पुण्याला जातात, आणि रात्री तासभर एकत्र खेळण्यासाठी आपला स्वतःचा सर्व्हर असावा असे त्यांना वाटते. भाड्याच्या सर्व्हरचे मासिक शुल्क विद्यार्थ्यांच्या गटाला जड जाते, म्हणून घरातला जुना संगणकच कामाला लावण्याचा विचार पुढे येतो. हा विचार व्यवहार्य आहे. मात्र रॅमचा हिशोब आधी करायचा आणि मॉड (खेळात भर किंवा बदल करणारे छोटे प्रोग्राम) नंतर निवडायचे, हा क्रम पाळावा लागतो. बहुतेक गट याच्या उलट करतात आणि दोनशे मॉडचा तयार मॉडपॅक घेऊन बसतात. मग त्या यंत्राला तो का पेलत नाही, याचे उत्तर त्यांना कुठेच सापडत नाही.

या लेखात चार जीबी रॅम, पाच ते सहा खेळाडू, माइनक्राफ्ट जावा आवृत्ती १.२०.१ आणि फॅब्रिक हा मॉड लोडर, म्हणजे मॉड खेळात चढवणारा प्रोग्राम, गृहीत धरला आहे. या आवृत्तीसाठी भरपूर मॉड उपलब्ध आहेत आणि ती चालवण्यासाठी जावा १७ हे सॉफ्टवेअर लागते. आठ जीबी असल्यास पायऱ्या याच राहतात, फक्त आकडे सैल होतात. दोन जीबीच्या यंत्रावर आधुनिक आवृत्तीचा मॉडेड सर्व्हर उभारण्याच्या फंदात पडू नये. त्या पैशांत आणि वेळेत जुन्या रॅमची एक पट्टी विकत घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. आज्ञा आणि पर्याय इथे देवनागरीत दिले आहेत, टर्मिनलवर ते इंग्रजी लिपीतच टाइप करावेत.

रॅमचा हिशोब

चार जीबी म्हणजे ४०९६ एमबी, पण तेवढी रॅम आपल्या हाती येत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात ग्राफिक्ससाठी काही रॅम आधीच राखून ठेवलेली असते. बायोसमध्ये जाऊन हा वाटा सर्वांत कमी, म्हणजे ३२ किंवा ६४ एमबीवर आणावा, कारण सर्व्हरला पडद्यावर काहीच दाखवायचे नसते. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम येते. विंडोज १० किंवा ११ नुसती चालू राहण्यासाठीच दीड ते दोन जीबी घेते, त्यामुळे या यंत्रावर तिचा विचारच करू नये. डेस्कटॉप न घेता बसवलेले डेबियन १२ हे लिनक्स सुमारे दोनशे एमबीत उभे राहते. बसवताना सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढून फक्त एसएसएच सर्व्हर आणि मूलभूत साधने ठेवावीत. पुढे सर्व काम दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने करता येते.

आता जावा. सर्व्हरला किती रॅम द्यायची हे आपण एक्सएमएक्स या पर्यायाने सांगतो, पण तो आकडा फक्त हीपचा असतो, म्हणजे खेळातील चंक (जगाचे १६ गुणिले १६ ब्लॉकचे तुकडे), प्राणी, वस्तू ज्यात राहतात त्या भागाचा. हीपच्या बाहेर जावाला आणखी जागा लागते. मॉडच्या क्लाससाठी मेटास्पेस लागतो, वेगवान केलेल्या कोडसाठी कोड कॅशे लागतो, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक असतो, नेटवर्कचे बफर असतात आणि कचरा, म्हणजे रॅममधील नको झालेली माहिती, गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या स्वतःच्या नोंदीही असतात. पन्नास-साठ मॉड असताना हा बाहेरचा खर्च पाचशे ते आठशे एमबीपर्यंत सहज जातो. म्हणून चार जीबीच्या यंत्रावर एक्सएमएक्सला चार जीबी तर नाहीच, तीन जीबीही देऊ नये. २५६० एमबी हीप, सातशेच्या आसपास जावाचा इतर खर्च, दोन-अडीचशे सिस्टिमला आणि जे उरेल ते डिस्कच्या कॅशेला, असा वाटा मला योग्य वाटतो. डिस्क कॅशेचा वाटा वाया गेलेला समजू नये. तो शून्यावर आला की प्रत्येक चंक वाचताना डिस्क गाठावी लागते आणि खेळ अडखळू लागतो. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या घरात पिण्याचे, वापरायचे आणि राखीव पाणी जसे आधीच वेगळे भरून ठेवतात, तशीच ही विभागणी आहे.

सर्व्हर कोसळण्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध असतात, म्हणून ते इथेच समजून घ्यावेत. लॉगमध्ये आउटऑफमेमरी एरर आणि त्यापुढे जावा हीप स्पेस असे शब्द आले, तर दिलेली हीप अपुरी पडली आहे. पण लॉग वाक्याच्या मध्येच तुटला, कोणतीही त्रुटी नोंदली गेली नाही आणि प्रक्रिया १३७ या क्रमांकाने संपली, तर लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, यंत्राची रॅम संपल्यामुळे सर्व्हरला स्वतःहून ठार केले असण्याची शक्यता सर्वांत मोठी असते. डीमेसेज ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवल्यावर त्याची नोंद दिसते. या दुसऱ्या स्थितीत हीप वाढवायची नसते, ती कमी करायची असते. सर्व्हर पडला की एक्सएमएक्सचा आकडा वाढवत नेण्याच्या सवयीने कितीतरी चांगले सर्व्हर बंद पडले आहेत, कारण प्रत्येक वाढीसोबत कर्नलच्या हातून मरण्याची वेळ अधिक जवळ येत जाते.

यंत्र आणि सिस्टिमची तयारी

हार्ड डिस्क असेल तर ती काढून १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी लावावी. रॅम कमी असताना चंक सतत डिस्कवर जात-येत असतात आणि फिरत्या डिस्कवर ते काम रखडते. रॅमनंतर पैसे खर्च करायचे असतील तर ते इथेच करावेत.

जावासाठी ओपनजेडीके १७ ची हेडलेस जेआरई बसवावी. तिच्यात ग्राफिक्सचे भाग नसतात. सर्व्हरसाठी स्वतंत्र, मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता तयार करावा आणि रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून सर्व्हर कधीही चालवू नये, कारण मॉड हे शेवटी अनोळखी व्यक्तीने लिहिलेले प्रोग्राम असतात. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचे मालवेअर कर्सफोर्ज या मॉडच्या संकेतस्थळावरील काही मॉड आणि मॉडपॅकमध्ये शिरले होते, हे विसरू नये. मॉड फक्त मॉडरिंथ किंवा कर्सफोर्जवरील मूळ पानावरूनच उतरवावेत. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर आलेली जार फाइल सर्व्हरवर टाकू नये.

स्वॅपबाबत, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या जादा जागेबाबत, एक काळजी घ्यावी. जावाचा कचरा-संकलक हीपचा मोठा भाग वेळोवेळी चाळत असतो, म्हणून हीपचा काही हिस्सा स्वॅपमध्ये गेला तर प्रत्येक चाळणीत तो डिस्कवरून परत आणावा लागतो आणि खेळ काही सेकंद थिजतो. तरीही स्वॅप पूर्ण बंद करू नये. डेबियनमध्ये झेडरॅम-टूल्स हे पॅकेज बसवून रॅमच्या साधारण एक चतुर्थांश एवढा संकुचित स्वॅप ठेवावा. सिस्टिमचे निपचित पडलेले भाग तिथे दाबून बसतात आणि अचानक वाढलेल्या मागणीला थोडा श्वास मिळतो. झेडरॅम आहे म्हणून हीप वाढवण्याचा मोह मात्र टाळावा.

मॉडची निवड

सुरुवात खेळाच्या मॉडपासून करू नये, भार हलका करणाऱ्या मॉडपासून करावी. फॅब्रिक एपीआयनंतर लिथियम, फेराइटकोर, मॉडर्नफिक्स आणि क्रिप्टॉन हे चार बसवावेत. लिथियम प्रत्येक टिकमधील (खेळ ज्या छोट्या टप्प्यांनी पुढे सरकतो त्यांतल्या एकातील) हिशोब हलका करतो आणि खेळाचे वर्तन बदलत नाही. फेराइटकोर ब्लॉकच्या विविध अवस्थांची माहिती कमी जागेत ठेवतो, त्यामुळे सजावटीचे शेकडो ब्लॉक आणणारे मॉड असतील तर त्याचा लाभ अधिक दिसतो. क्रिप्टॉन नेटवर्कचे काम हलके करतो. त्यांच्यासोबत चंकी आणि स्पार्क हे दोन साधन-मॉड लागतील, ज्यांचा उपयोग पुढे येतो. गटाला हवे असलेले मॉड फक्त फोर्ज या दुसऱ्या लोडरवरच असतील तर फोर्ज घ्यावा. तिथेही फेराइटकोर आणि मॉडर्नफिक्स चालतात आणि लिथियमच्या जागी कॅनरी वापरता येतो.

दुसरी पायरी म्हणजे सर्व्हरवर नको ते काढणे. सोडियम आणि आयरिस हे खेळाडूच्या पडद्यासाठी आहेत. शेडर, ध्वनी, मेनू बदलणारे मॉड हेही तसेच. यांतले काही सर्व्हरवर नुसते पडून राहतात, तर काहींमुळे सर्व्हर सुरूच होत नाही. मॉडरिंथच्या पानावर प्रत्येक मॉड क्लायंटसाठी आहे, सर्व्हरसाठी आहे की दोन्हींसाठी, हे लिहिलेले असते. ते वाचूनच फाइल सर्व्हरच्या मॉड्स फोल्डरमध्ये ठेवावी. तयार मॉडपॅक घेतला असेल तर त्याचा वेगळा सर्व्हर पॅक मिळतो का, हे आधी पाहावे.

त्यानंतर खेळाचे मॉड. यांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांचे स्वरूप पाहावे, कारण वीस छोटे सोयीचे मॉड मिळून जेवढी रॅम घेत नाहीत तेवढी एकटा नवे जग आणणारा मॉड घेऊ शकतो. नवीन डायमेन्शन (वेगळी जगे), मोठ्या प्रमाणावर नवे बायोम (जंगल, वाळवंट यांसारखे प्रदेश) आणि शेकडो नवे प्राणी आणणारे मॉड सर्वांत महाग असतात. प्रत्येक डायमेन्शनमध्ये एक-एक खेळाडू गेला तरी तिथले चंक वेगळे लोड राहतात. चंक लोडर देणारे मॉड तर चार जीबीवर नकोतच, कारण खेळाडू झोपल्यावरही ते चंक रॅममध्ये धरून ठेवतात. क्रिएटसारख्या यंत्रांच्या मॉडची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या मोठ्या फिरत्या रचना रॅमपेक्षा प्रोसेसरला जास्त दमवतात, म्हणून तो ठेवता येतो, पण प्रत्येकाने स्वतंत्र कारखाना उभारण्यापेक्षा एकच सामायिक कारखाना ठरवावा. माझे मत असे आहे की चार जीबीवर जग बदलणारा एक मोठा मॉड किंवा यंत्रांचा एक मोठा मॉड, यांतला एकच निवडावा आणि बाकी चाळीसएक छोटे मॉड त्याच्याभोवती बसवावेत. एकच विषय असलेला सर्व्हर खेळायलाही अधिक रंगतो, कारण सगळा गट एकाच उद्योगात गुंततो.

मॉड एकदम न टाकता पाच-पाच करून टाकावेत आणि दर वेळी सर्व्हर सुरू करून पाहावा. पन्नास मॉड एकत्र टाकून आलेल्या त्रुटीचे मूळ शोधण्यात संध्याकाळ जाते.

जावाचे पर्याय

एक्सएमएस आणि एक्सएमएक्स दोन्ही २५६०एम ठेवावेत. हीप आज ना उद्या कमाल मर्यादेपर्यंत वाढतेच. ती सुरुवातीलाच पूर्ण घेतली आणि सोबत ऑलवेजप्रीटच हा पर्याय चालू ठेवला, तर रॅम पुरत नसल्याचे सर्व्हर सुरू होतानाच कळते, रात्री नऊ वाजता सगळे खेळत असताना नाही.

कचरा-संकलक म्हणून यूज-जी१-जीसी स्पष्टपणे लिहावे. जावा ९ पासून जी१ हा मूलभूत संकलक आहे, असे सर्वत्र वाचायला मिळते, पण यंत्रात एकच प्रोसेसर दिसत असेल किंवा रॅम दोन जीबीच्या आत असेल तर जावा गुपचूप सीरियल संकलक निवडते. एका कोअरच्या स्वस्त आभासी सर्व्हरवर हे हमखास घडते. झेडजीसी या आणखी एका संकलकाचे कौतुकही अनेक ठिकाणी आढळते. तो थांबे अगदी छोटे ठेवतो हे खरे आहे, परंतु जावाची पत्ते लहान ठेवण्याची सोय त्याच्यासोबत चालत नाही, त्यामुळे तीच माहिती अधिक जागा व्यापते, आणि त्याला मोकळी हीपही जास्त लागते. अडीच जीबीच्या हीपला तो परवडत नाही. मॅक्स-जीसी-पॉज-मिलिस २०० ठेवावे. यापलीकडे इंटरनेटवर मिळणारी वीस पर्यायांची लांबलचक ओळ मोठ्या हीपसाठी जुळवलेली असते, ती जशीच्या तशी चिकटवण्याची गरज नाही.

आणखी दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही, पण लहान यंत्रावर त्या मोलाच्या आहेत. पहिली, एक्झिट-ऑन-आउटऑफमेमरी-एरर हा पर्याय. हीप संपल्यावर सर्व्हर अर्धमेल्या अवस्थेत लटकण्याऐवजी पूर्ण बंद होतो आणि सिस्टिमडी (लिनक्समधील सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) त्याला पुन्हा उभा करते. दुसरी गोष्ट म्हणजे मॅलॉक, अरीना, मॅक्स हे तीन शब्द अंडरस्कोरने जोडून, मोठ्या अक्षरांत लिहिलेले पर्यावरण-चल २ वर ठेवणे. लिनक्सची ग्लिबसी लायब्ररी अनेक थ्रेडसाठी रॅमचे वेगवेगळे साठे उघडते आणि हीपच्या बाहेरचा खर्च हळूहळू वाढवते. साठ्यांची संख्या बांधून दिली की ही वाढ आटोक्यात राहते.

हे सगळे एका सिस्टिमडी सर्व्हिस फाइलमध्ये लिहावे. रीस्टार्टला ऑन-फेल्युअर ठेवावे. सर्व्हिस थांबवताना जो संकेत जातो तो मिळाल्यावर माइनक्राफ्ट जग जतन करूनच बंद होते, पण एसएसडी जुनी असेल तर त्याला वेळ लागतो, म्हणून थांबण्याची मुदत १८० सेकंद करावी. संकेताने व्यवस्थित बंद झालेली जावा १४३ हा क्रमांक देते. तो यशस्वी समाप्तीच्या यादीत घालावा, म्हणजे मुद्दाम बंद केलेला सर्व्हर बिघाड म्हणून नोंदला जाणार नाही.

सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज

पहिल्यांदा सर्व्हर चालवल्यावर तो ईयूएलए फाइल तयार करून थांबतो. अटी वाचून तिथे फॉल्सचे ट्रू करावे. मग सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज उघडावी. रॅमवर सर्वांत मोठा परिणाम करणारी ओळ व्ह्यू-डिस्टन्स ही आहे. तिचे मूळ मूल्य १० असते. खेळाडूच्या चारही बाजूंना दहा चंक आणि मधला एक, असे २१ गुणिले २१, म्हणजे एका खेळाडूसाठी ४४१ चंक. मूल्य ६ केले की १३ गुणिले १३, म्हणजे १६९ चंक. सहा खेळाडू सहा दिशांना असतील तर २६४६ आणि १०१४ इतका फरक पडतो. त्यातही आवृत्ती १.१८ पासून जगाची उंची २५६ वरून ३८४ ब्लॉक झाली आहे, म्हणून जुन्या लेखांत दिलेले रॅमचे अंदाज आता लागू होत नाहीत. चार जीबीवर व्ह्यू-डिस्टन्स ६ आणि सिम्युलेशन-डिस्टन्स ५ ठेवावे. सिम्युलेशन-डिस्टन्सच्या बाहेर पिके वाढत नाहीत आणि यंत्रे थांबतात, हे गटाला आधी सांगून ठेवावे, नाहीतर शेती बंद पडल्याच्या तक्रारी येतात. खेळाडू मोबाइल डेटावरून येत असतील तर छोट्या व्ह्यू-डिस्टन्समुळे त्यांचा डेटाही वाचतो.

सिंक-चंक-राइट्स ही ओळ फॉल्स करावी, वेग वाढतो, असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. ज्या गावात वीज न सांगता जाते तिथे तो मानू नये. ही ओळ ट्रू असताना चंक डिस्कवर खरोखर लिहिला गेल्याची खात्री होते. फॉल्स केल्यावर ऐन लिहिताना वीज गेली तर रीजन फाइल बिघडण्याचा धोका वाढतो, आणि एका रीजन फाइलमध्ये ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ चंक असतात. कुणाचे तरी संपूर्ण गाव त्यात असू शकते. एसएसडीवर या ओळीची किंमत फारशी जाणवत नाही.

मॅक्स-टिक-टाइम मुळात ६०००० मिलिसेकंद असते. एक टिक त्याहून लांबली तर सर्व्हर स्वतःला बंद करतो. संथ यंत्रावर ते १८०००० करावे. उणे एक लिहून ही राखण पूर्ण काढून टाकली तर अडकलेला सर्व्हर सकाळपर्यंत तसाच राहतो. ऑनलाइन-मोड ट्रूच ठेवावा आणि व्हाइट-लिस्ट (फक्त यादीतल्या खेळाडूंना प्रवेश) चालू करावी. मित्रांपुरता सर्व्हर असला तरी उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम तो गाठतात.

जग आधीच तयार करून ठेवणे

नवीन चंक निर्माण करणे हे सर्व्हरचे सर्वांत जड काम आहे. दोघे जण घोड्यावर बसून दोन दिशांना निघाले की जुना प्रोसेसर गुडघे टेकतो आणि त्याच वेळी रॅमही फुगते. म्हणून खेळ सुरू करण्यापूर्वी चंकीने जग तयार करून घ्यावे. केंद्र शून्य-शून्य, त्रिज्या २००० ब्लॉक दिली की ४००० गुणिले ४००० ब्लॉकचा चौरस होतो, म्हणजे २५० गुणिले २५०, एकूण ६२,५०० चंक. सहा जणांना हे क्षेत्र बरेच महिने पुरते. जुन्या यंत्रावर या कामाला रात्र लागू शकते, म्हणून ते निजानीज झाल्यावर लावावे. मध्येच वीज गेली तर सर्व्हर पुन्हा सुरू करून चंकी कंटिन्यू ही आज्ञा द्यावी, काम पुढे चालू होते. पूर्ण झाल्यावर वर्ल्डबॉर्डर ४००० वर लावावी. ती लावली नाही तर कुणीतरी हद्दीपलीकडे जाणारच. खेळातील नेदर या दुसऱ्या जगासाठी त्रिज्या हजारही पुष्कळ झाली.

मोजमाप

सर्व्हर सेकंदाला २० टिक चालवतो, म्हणजे प्रत्येक टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. स्पार्कची टीपीएस आज्ञा हा वेळ दाखवते. सरासरी ३५ च्या आत असेल तर निर्धास्त राहावे, ५० च्या वर जात असेल तर खेळ संथ होतो.

संथपणा आला की दोष रॅमचा की प्रोसेसरचा, हे आधी ठरवावे. वापरात असलेली हीप करवतीच्या दात्यांसारखी वर चढते आणि संकलनानंतर खाली येते. बघायचे ते दात्याचे खालचे टोक, कारण वरचे टोक मर्यादेजवळ जाणे हे नेहमीचेच असते. २५६० एमबीच्या हीपमध्ये खालचे टोक १४०० ते १६०० च्या आसपास राहत असेल तर रॅम पुरेशी आहे, आणि तरीही टिक लांबत असेल तर प्रोसेसरवरचा भार शोधावा. खालचे टोक २२०० च्या पुढे सरकले असेल तर संकलन वारंवार होऊ लागते आणि झटके बसतात. अशा वेळी व्ह्यू-डिस्टन्स एकाने कमी करावे किंवा एक मोठा मॉड काढावा. जग जुने झाल्यावर काढलेल्या मॉडचे ब्लॉक आणि वस्तू जगातून नाहीशा होतात, म्हणून हा निर्णय पहिल्या आठवड्यातच घ्यावा.

प्रोसेसरचा दोष असल्यास स्पार्कचा प्रोफायलर गर्दीच्या वेळी दहा मिनिटे चालवावा. कोणत्या मॉडने किती वेळ घेतला हे त्यात क्रमाने दिसते. बऱ्याचदा कारण अगदी साधे निघते. एका कुंपणात दोनशे कोंबड्या, जमिनीवर सांडलेल्या हजारो वस्तू, किंवा कुणीतरी रात्रंदिवस चालू ठेवलेले सापळे. मॉड काढण्याआधी त्या खेळाडूशी बोलावे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र आणखी एक कारण तपासावे. परभणी-नांदेडकडे दुपारचे तापमान चाळिशीपार जाते, बंद खोलीत ठेवलेला जुना लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. रात्री ठीक आणि दुपारी संथ, असे होत असेल तर एलएम-सेन्सर्सने तापमान पाहावे, पंख्यातील धूळ काढावी आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी.

बाहेरच्या मित्रांना जोडणे

माइनक्राफ्टचा पोर्ट २५५६५ आहे. राउटरमध्ये तो फॉरवर्ड करण्यापूर्वी राउटरच्या पानावर दिसणारा वॅन पत्ता, म्हणजे राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पल्ल्यात सुरू होत असेल, किंवा इंटरनेटवर दिसणाऱ्या आपल्या पत्त्याहून वेगळा असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंगचा काहीही उपयोग होत नाही, राउटर कितीही वेळा बदलला तरी. स्थिर सार्वजनिक पत्ता मिळतो का, हे कंपनीला विचारावे, पण त्याचे वेगळे शुल्क असते.

छोट्या गटासाठी टेलस्केल हा मला सर्वांत योग्य मार्ग वाटतो. सर्व्हरवर आणि प्रत्येक मित्राच्या संगणकावर ते बसवले की सगळे एका खासगी जाळ्यात येतात, आणि पोर्ट जगासाठी उघडा राहत नाही. टेलस्केल जो पत्ता देते तोही १०० ने सुरू होतो, त्यामुळे वॅन पत्त्याशी गल्लत करू नये. टेलस्केल पिंग ही आज्ञा दोन संगणक थेट जोडले गेले आहेत की मधल्या रिलेमार्गे, हे सांगते. रिलेमार्गे असतील तर विलंब वाढतो. ज्यांना काहीच बसवायचे नाही त्यांच्यासाठी प्लेइटसारखी बोगदा-सेवा आहे, परंतु त्या वाटेने सर्व्हर सार्वजनिक होतो, म्हणून तिथे व्हाइट-लिस्टशिवाय एक दिवसही राहू नये.

वीज आणि बॅकअप

निवडीला वाव असेल तर डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घ्यावा, कारण त्याची बॅटरी हाच यूपीएस असतो. झाकण मिटल्यावर तो झोपू नये म्हणून लॉगिनडीच्या फाइलमध्ये हँडल-लिड-स्विच या ओळीपुढे इग्नोर लिहावे. बॅटरी फुगलेली दिसली तर लगेच काढून टाकावी, तिच्याबाबत धोका पत्करू नये. बॅटरीची टक्केवारी लिनक्समध्ये एका साध्या मजकूर फाइलीत मिळते. दर मिनिटाला ती वाचून, वीज नसताना आकडा ३० च्या खाली गेल्यास सर्व्हिस थांबवणारी चार ओळींची स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या यंत्रणेत) टाकावी. डेस्कटॉपच असेल तर बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करावा आणि सर्व्हिस सुरू होण्यापूर्वी ६० सेकंदांचा थांबा ठेवावा, कारण पावसाळ्यात वीज आली-गेली असे अनेकदा होते. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर सर्व्हर चालू पण इंटरनेट बंद, ही अवस्था टळते.

बॅकअपसाठी सेव्ह-ऑफ आणि सेव्ह-ऑल या आज्ञा वापरून चालू सर्व्हरची प्रत घेता येते, परंतु छोट्या गटाला त्याहून साधा मार्ग पुरतो. पहाटे चार वाजता क्रॉनने सर्व्हिस थांबवावी, वर्ल्ड, मॉड्स आणि कॉन्फिग हे तिन्ही फोल्डर एकत्र बांधून संकुचित करावेत आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करावी. त्या वेळी कुणी खेळत नसते, आणि दिवसाकाठी एकदा नव्याने सुरू झाल्याने मॉडकडून गळालेली रॅमही मोकळी होते. मॉड्स फोल्डर सोबत घेणे महत्त्वाचे आहे, कारण मॉडच्या त्याच आवृत्त्या नसतील तर जुने जग नीट उघडत नाही. शेवटच्या सात दिवसांच्या आणि चार रविवारांच्या प्रती ठेवून बाकीच्या पुसाव्यात. त्याच एसएसडीवर ठेवलेली प्रत एसएसडीसोबतच जाते, म्हणून रविवारची प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा एखाद्या मित्राच्या संगणकावर पाठवावी.

महिन्यातून एकदा सर्वांत ताजी प्रत आपल्या रोजच्या संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये उघडावी, पोर्ट २५५६६ करून सर्व्हर सुरू करावा आणि आत जाऊन घरे, पेट्या, यंत्रे जागेवर आहेत का, हे पाहावे. प्रत उघडली नाही तर क्रॉनच्या नोंदी तपासाव्यात. बहुतेक वेळा डिस्क भरलेली असते किंवा सर्व्हिस पूर्ण थांबण्याआधीच प्रत घेतली गेलेली असते. पहिल्या बाबतीत जुन्या प्रती पुसाव्यात, दुसऱ्या बाबतीत स्क्रिप्टमध्ये सर्व्हिस खरोखर थांबल्याची तपासणी घालून त्याच दिवशी नवी प्रत घ्यावी.